तुमचे प्रश्न : रेडिओच्या खेळाचं नाव अख्ख्या गावानं कसं काय घेतलं?

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमच्या इथं पारावर चार दिवसापासून वाद लागून राहिला. माझा पुतण्या हैदराबादले कंपनीत आहे, तो दिवाळीले घरी आला तं सांगे का अमेरिकेत एक गाव आहे त्याचं नाव 'ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस', अन् हे नाव त्या गावानं एका रेडिओच्या प्रोग्रामवरून घेतलं. आमचे सरपंच म्हणतात असं होऊच शकत नाही, गावाचं नाव का कोणी रेडिओवाल्याच्या म्हणण्यावरून बदलवते का. खरं काय ते सांगा, अन् खरं असन तं लोकांनी असं काऊन केलं तेही सांगा. (एक वाचक, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : पुतण्या खरं बोलून राहिला भाऊ, सरपंचांना खुशाल सांगा. गाव आहे, नाव तेच आहे, अन् ते रेडिओच्या प्रोग्रामवरूनच घेतलेलं आहे. आणि कोणी वरून लादलं असंही नाही, गावातल्या लोकांनी रीतसर मतदान करून घेतलं, तेही एकदा नाही, पण ते पुढं सांगतो.

आधी गाव कुठं आहे ते बघू. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे, मेक्सिको देशाला लागून, कोरडं, पाऊस कमी. त्याच्या मधातून रिओ ग्रांदे नदी वाहते आणि अल्बुकर्की हे त्या राज्यातलं मोठं शहर, तिथून दक्षिणेला साधारण अडीचशे किलोमीटरवर नदीकाठी हे गाव बसलेलं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या निघाली सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडं एवढी वस्ती असली तर ग्रामपंचायतच राहते, तिथं त्याला सिटी म्हणतात, मेयर असतो, आणि आपल्या जिल्ह्यासारखी जी सिएरा काउंटी आहे तिचं मुख्यालयही हेच.

गावाचं आधीचं नाव हॉट स्प्रिंग्स. जमिनीतून गरम पाण्याचे झरे निघतात म्हणून ते नाव, साधा सरळ हिशोब. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या शिवेवर पैनगंगेकाठी उनकेश्वरला गरम पाण्याचे कुंड आहेत, तुमच्यातले कितीतरी जण तिथं आंघोळीला जाऊन आले असतील, तसंच समजा. अंग दुखणारे, गुडघे धरलेले लोक लांबून लांबून तिथं यायचे, त्यांच्यासाठी आंघोळीची घरं बांधलेली होती, आजही आहेत. वस्ती खरी वाढली ती धरणामुळं. १९११ ते १९१६ या काळात गावाच्या वरच्या अंगाला रिओ ग्रांदेवर एलिफंट ब्यूट नावाचं धरण झालं, ३०१ फूट उंच, शेतीला पाणी द्यायला आणि करारानुसार मेक्सिकोच्या वाट्याचं पाणी सोडायला. इसापूरचं किंवा अप्पर वर्धाचं काम चालू असताना आजूबाजूच्या गावांत कशी गर्दी झाली होती ते जुन्या लोकांना आठवत असेल, तिथंही तसंच झालं. धरण पूर्ण झालं त्याच १९१६ साली हॉट स्प्रिंग्सला शहर म्हणून अधिकृत दर्जा मिळाला.

आता अडचण काय, तर हॉट स्प्रिंग्स नावाची गावं अमेरिकेत बक्कळ. आर्कान्सा राज्यातलं हॉट स्प्रिंग्स तर एवढं मोठं की तिथले झरे १९२१ मध्ये नॅशनल पार्क झाले, आणखी एक साउथ डकोटात आहे. म्हणजे माणूस म्हणाला मी हॉट स्प्रिंग्सचा, की समोरच्याच्या डोक्यात पहिले आर्कान्साच येणार. झरे तेच, पाणी तेवढंच चांगलं, पण ओळख दुसऱ्याच्या नावावर जमा होऊन राहिली. लहान गावाले हे लागते. ज्यांच्या गावाचं नाव हिवरा, बोरगाव नाहीतर पिंपळगाव आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता रेडिओचं बघा. 'ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' हा प्रोग्राम एनबीसी रेडिओवर मार्च १९४० मध्ये सुरू झाला. चालवणारा माणूस रॅल्फ एडवर्ड्स, १९१३ चा जन्म, कोलोरॅडो राज्यातल्या मेरिनो नावाच्या छोट्या गावातला. नावाचा अर्थ साधारण असा की खरं सांग नाहीतर परिणाम भोग. घरोघरी पोरंबाळं जो जुना खेळ खेळायची त्यावरूनच त्यानं प्रोग्राम उभा केला. खेळ असा, की स्टेजवर समोरच्या प्रेक्षकांतला एक साधा माणूस बोलवायचा, त्याला एक प्रश्न विचारायचा, पण प्रश्न असा तिरपागडा की उत्तर येऊच नये, आणि विचार करायला वेळही द्यायचा नाही, माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच बझर वाजायचा. त्या बझरलाही नाव होतं, ब्यूला. ब्यूला वाजली की एडवर्ड्स म्हणणार, तुम्ही खरं सांगितलं नाही, आता परिणाम भोगा. मग त्या माणसाला सगळ्यांसमोर काहीतरी येडपट काम करावं लागायचं आणि हॉल हसून हसून लोटपोट. पण नुसता हसवायचाच प्रोग्राम नव्हता तो. कधीकधी असं व्हायचं की कोणाला काहीतरी काम सांगितलं, तो बिचारा ते करण्यात गुंग, आणि मागून पडद्याआडून त्याचा कित्येक दिवसांत न भेटलेला नातेवाईक नाहीतर लढाईवरून परत आलेला पोरगा समोर येऊन उभा राहायचा. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता, घरोघरचे पोरं सैन्यात गेलेले, त्या वेळी रेडिओवर नुसता आवाज ऐकून लोकांचं काय होत असेल विचार करा.

लोकांचा या प्रोग्रामवर किती जीव होता त्याचं एक उदाहरण देतो. १९४८ मध्ये त्यांनी 'वॉकिंग मॅन' नावाची स्पर्धा केली होती. रेडिओवर फक्त पावलांचा आवाज ऐकवायचा, सोबत थोडे कोड्यासारखे इशारे, आणि लोकांनी ओळखायचं की हा चालणारा माणूस कोण. भाग घ्यायचा तर चिठ्ठी पाठवायची, सोबत हृदयरोगासाठी काम करणाऱ्या अमेरिकन हार्ट असोसिएशनला जमेल ती देणगी. चिठ्ठ्यांचा पूर आला, संस्थेला मोठा पैसा मिळाला, देशभर तिचं नाव झालं. तो चालणारा माणूस निघाला जॅक बेनी नावाचा तेव्हाचा प्रसिद्ध विनोदी कलाकार. सांगायचं काय तर एडवर्ड्सनं माइकवरून हाक मारली की देश ऐकत होता.

१९५० मध्ये प्रोग्रामला दहा वर्षं पूर्ण व्हायची होती. एडवर्ड्सनं रेडिओवरून जाहीर केलं की जे गाव आपलं नाव बदलून आमच्या प्रोग्रामचं नाव घेईल त्या गावात येऊन आम्ही दहाव्या वाढदिवसाचा प्रोग्राम करू. न्यू मेक्सिकोच्या पर्यटन खात्यानं ही खबर हॉट स्प्रिंग्सच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे व्यापारी मंडळाच्या, मॅनेजरला कळवली. त्यांना ते पटलं. जाहिरातीला एक पैसा न घालता गावाचं नाव देशाच्या कानाकोपऱ्यात जाणार आणि ते आर्कान्साशी घोळ होण्याचं झंझटही कायमचं मिटणार, अजून काय पाहिजे.

३१ मार्च १९५० ला त्यासाठी खास मतदान घेतलं. बाजूनं मतं पडली १,२९४, विरोधात २९५. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी १ एप्रिलला, रॅल्फ एडवर्ड्स आपली सगळी मंडळी घेऊन गावात हजर, आणि तिथूनच प्रोग्राम थेट देशभर ऐकवला गेला. कालपर्यंत जे गाव चार हॉट स्प्रिंग्समधलं एक होतं त्याचं नाव एका रात्रीत सगळ्या अमेरिकेला पाठ झालं.

आपल्याकडंही रेडिओमुळं गाव माहीत झाल्याचं उदाहरण आहे, झुमरी तलैया. झारखंडातलं गाव, रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर गाण्यांच्या फर्माइशी पाठवून पाठवून देशभर ओळखीचं झालं, कितीतरी लोकांना तर वाटायचं असं गावच नाही, नुसतं नाव आहे. तेव्हा रेडिओत ती ताकद होती. आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ ला सुरू झालं, त्यानंतरची पिढी सांगते की गावात एखादाच रेडिओ राहायचा आणि त्याच्याभोवती अख्खी आळी बसायची. त्या काळात रेडिओनं तुमच्या गावाचं नाव घेणं ही काही छोटी गोष्ट नव्हती, हे सरपंचांना सांगितलं की त्यांचा अर्धा प्रश्न तिथंच सुटेल असं मला वाटते.

पण माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढं आहे, आणि लोक नेमकी तीच सांगत नाहीत. जाहिरात तर एका दिवसाची झाली. प्रोग्राम झाला, मंडळी गाडीत बसून निघून गेली असती, गावाजवळ एक लांबलचक नाव तेवढं उरलं असतं. असं झालं नाही. रॅल्फ एडवर्ड्स परत आला. दुसऱ्या वर्षी आला, तिसऱ्या वर्षी आला, अन् मग दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास येतच राहिला, जवळजवळ पन्नास वर्षं. गावानं त्यासाठी फिएस्टा नावाची जत्राच सुरू केली, मिरवणूक, नाचगाणं, खाणंपिणं, आणि मिरवणुकीत स्वतः एडवर्ड्स, सोबत कधी सिनेमा-टीव्हीतले लोक. सुरुवातीला आला तेव्हा तो छत्तिशीचा होता, नंतर म्हातारा झाला तरी येत राहिला. मधल्या काळात त्याचा प्रोग्राम रेडिओवरून टीव्हीवर गेला, सूत्रसंचालक बदलले, १९५६ च्या शेवटी बॉब बार्कर आला आणि तो पुढं १९७५ पर्यंत राहिला, म्हणजे ज्या प्रोग्रामच्या नावानं गाव ओळखलं जाते तो चालवायचंही एडवर्ड्सनं सोडलेलं होतं, तरी गावात येणं सोडलं नाही. करार असा कुठंच नव्हता, एका प्रोग्रामचं बोलणं झालेलं होतं. नदीकाठच्या बागेला गावानं त्याचं नाव दिलं, तिथल्या जेरोनिमो स्प्रिंग्स म्युझियममध्ये त्याच्या नावाची खोली आहे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला, ९२ वर्षांचा होऊन. फिएस्टा अजून भरते.

तर तुम्ही विचारलं लोकांनी असं काऊन केलं, त्याचं उत्तर जाहिरात. आणि ते नाव टिकलं काऊन, त्याचं उत्तर हा माणूस. गावातले लोक एवढं लांब नाव रोज घेत नाहीत, ते आपले 'टी ऑर सी' म्हणतात.

प्रश्न : सर, मी बी.ए. ला आहे, मला या गावाबद्दल थोडं माहीत आहे. पण मला हे विचारायचं आहे की ज्या २९५ लोकांनी विरोध केला त्यांचं पुढे काय झालं, ते गप्प बसले का? आणि जाहिरातीसाठी नाव बदललेली अजून गावं आहेत का, त्यांना त्याचा फायदा झाला का? (एक विद्यार्थिनी, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती)

उत्तर : ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारला. नाही, ते गप्प बसले नाहीत आणि बसायलाही नको होतं. विरोधात असलेल्या लोकांनी तक्रार दाखल केली, त्यावर परत मतदान झालं आणि परत नवं नावच जिंकलं. एवढ्यावर विषय संपला नाही. १९६४ मध्ये जुनं नाव परत आणायचं का म्हणून पुन्हा मतदान, निकाल तोच. १९६७ मध्ये आणखी एकदा, तेव्हाही जवळपास दोनास एक अशा मतांनी ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेसच राहिलं. म्हणजे सतरा वर्षांत लोकांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की बाप्पा तुम्हाला हे नाव खरंच पाहिजे का.

मला यातलं हे सगळ्यात आवडते. विरोध करणाऱ्यांच्या जागी उभं राहून बघा, ज्यांच्या आईबापांनी हॉट स्प्रिंग्स हा पत्ता लिहून आयुष्य काढलं, ज्यांच्या मुलांच्या जन्माच्या दाखल्यावर ते नाव आहे, त्यांना एका रेडिओच्या खेळासाठी ते सोडावं लागणं जड गेलंच असणार. पण त्यांचं ऐकायचा दरवाजा बंद केला नाही. वारंवार मत घेतलं म्हणूनच नंतर कोणाला म्हणता आलं नाही की चार व्यापाऱ्यांनी मिळून गाव विकलं.

बाकीच्या गावांचं विचारलं तर हो, आहेत. ओरेगॉन राज्यात हाफवे नावाचं गाव आहे, साडेतीनशेच्या आसपास लोकं. २००० सालच्या सुरुवातीला, इंटरनेट कंपन्यांचं पीक आलं होतं तेव्हा, तिथल्या लोकांनी एका नव्या कंपनीसाठी गावाचं नाव 'हाफ डॉट कॉम' जाहीर केलं. बदल्यात कंपनीचे शेअर्स आणि शाळेला कॉम्प्युटर. त्याच वर्षी ती कंपनी ईबेनं विकत घेतली, पुढं २०१७ मध्ये ती वेबसाइटच बंद झाली. कायद्यानं नाव बदललेलं नव्हतंच, त्यामुळं गाव आपलं हाफवेचं हाफवे राहिलं. टेक्सासमधलं क्लार्क हे दुसरं. तिथं २००५ मध्ये डिश नेटवर्क या सॅटेलाइट टीव्हीच्या कंपनीनं सांगितलं की गावाचं नाव डिश ठेवा, गावातल्या घरांना दहा वर्षं टीव्ही फुकट. गावानं ठेवलं. नंतर ते गाव बातम्यांत गाजलं ते वेगळ्याच कारणानं, गावाजवळच्या नैसर्गिक वायूच्या कॉम्प्रेसर स्टेशनांमुळं हवा खराब होते अशी तक्रार तिथल्या लोकांनी लावून धरली. म्हणजे फुकटचा टीव्ही एकीकडं, श्वासाचा प्रश्न दुसरीकडं. या दोन्ही ठिकाणी कंपनीनं ठरलेला माल दिला, तिनं फसवलं असं मी म्हणणार नाही, पण रॅल्फ एडवर्ड्ससारखं दरवर्षी येऊन गावच्या मिरवणुकीत चालणारं कोणी तिथं नव्हतं, आणि मला वाटतं फरक तिथंच पडला.

तिसरं उदाहरण जाहिरातीचं आहे आणि नाहीही, आणि ते वाचून मन जड होते. जिम थॉर्प हा अमेरिकेच्या मूळनिवासी समाजातला खेळाडू, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हीत सुवर्णपदक जिंकलेला. आधी कधीतरी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून त्याची पदकं काढून घेतली, ती १९८२ मध्ये म्हणजे त्याच्या मरणानंतर परत द्यायचं ठरलं, आणि २०२२ मध्ये त्या दोन्ही खेळांचा तो एकटाच विजेता असं ऑलिम्पिक कमिटीनं मान्य केलं. १९५३ मध्ये तो वारला. त्याच्या घरच्यांना त्याला ओक्लाहोमात, आपल्या लोकांच्या मातीत पुरायचं होतं. पण त्याच्या तिसऱ्या बायकोनं त्याचं पार्थिव हलवलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक नावाच्या गावाशी बोलणं केलं. कोळशाच्या धंद्यावर उभं असलेलं ते गाव तेव्हा मंदीत होतं, त्यांना वाटलं एवढ्या मोठ्या खेळाडूची समाधी गावात झाली तर लोक येतील, पैसा येईल. मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही दोन गावं एक झाली आणि १९५४ मध्ये नव्या गावाचं नाव ठेवलं जिम थॉर्प. समाधी बांधली, गाव आजही त्याच नावानं आहे, जुन्या इमारती आणि डोंगर बघायला लोकही येतात. पण मुलांचं मन काही शांत झालं नाही. बाप परत द्या म्हणून ते कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले, २०१४ मध्ये वरच्या कोर्टात हरले, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. गावानं त्या माणसाचा मान ठेवला हे खरं, समाधीची निगा राखली हेही खरं, पण त्याच्या मुलांना विचारून हे झालं नव्हतं. माझ्या मते नाव घेताना ज्याचं नाव घेतो त्याच्या माणसांची हो पाहिजेच, नुसतं गावाचं मतदान तिथं पुरत नाही.

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमच्या गावाचं नाव हिवरा आहे अन् आमच्या जिल्ह्यात, बाजूच्या जिल्ह्यात हिवरे कितीक आहेत ते मोजायचेच नाही. मागच्या हंगामात मी फवारणीच्या पंपाचं सामान ऑनलाइन मागवलं, ते दुसऱ्याच हिवऱ्याले जाऊन पडलं, तिकून परत येईस्तोवर कपाशीवरची फवारणी निघून गेली. आता गावातले पोट्टे म्हणतात गावाचं नावच बदलवून टाकू. म्हातारे लोक नाही म्हणतात. कायद्यानं नाव बदलता येते का? अन् बदलवावं का? (एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : बदलता येते भाऊ, पण अमेरिकेसारखं आज मतदान अन् उद्या बोर्ड असं आपल्याकडं होत नाही. गावाच्या नावात बदल करायचा तर राज्य सरकारचा प्रस्ताव आणि केंद्राच्या गृह मंत्रालयाची मंजुरी लागते, मंत्रालय त्याआधी रेल्वे, पोस्ट आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांचं मत घेते. सुरुवात मात्र तुमच्या ग्रामसभेच्या ठरावापासूनच होते. मोठ्या शहरांची नावं बदललेली तुम्ही बघितलीच, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, तीही याच रस्त्यानं गेली. वस्त्यांचं वेगळं आहे, जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतलेला आहे, तशी एखादी वस्ती तुमच्या गावात असली तर ते काम आधी हातात घ्या, त्याला कोणाची हरकत नसावी.

केंद्राच्या याबद्दलच्या सूचना १९५३ च्या आहेत आणि मला त्या शहाणपणाच्या वाटतात. लोकांना सवय झालेलं नाव खास कारण असल्याशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो ठेवावं, आणि नवं नाव असं निवडावं की राज्यात किंवा शेजारी त्याच नावाचं दुसरं गाव असून घोळ होणार नाही. म्हणजे तुमचे म्हातारे आणि तुमचे पोट्टे, दोघांचंही त्यात ऐकलेलं आहे.

मला विचाराल तर नाव काढून टाकू नका, नावाला जोड द्या. हिवराच्या झाडावरून पडलेलं नाव आहे, ते झाड अजून बांधावर उभं असेल, ते नाव कशाला सोडायचं. वऱ्हाडानं हा प्रश्न कधीचाच असा सोडवलेला आहे. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे आणि धामणगाव बढे, पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे. हिवऱ्याचंही तसंच आहे, बुलढाण्याकडं हिवरा आश्रम, तुमच्याच जिल्ह्यात हिवरा संगम. तुमच्या गावात काय आहे ते बघा, नाला असेल, तलाव असेल, एखाद्या संताचं ठिकाण असेल, त्याची जोड लावली की झालं. आणि ही जोड लोकांच्या तोंडी बसायला सरकारची वाट पाहायची गरज नाही, दुकानाच्या पाट्या, शाळेचे कार्यक्रम, लग्नाच्या पत्रिका, इथून सुरुवात करता येते. कागदोपत्री करायला वेळ लागेल, कारण एकदा गावाचं नाव अधिकृत बदललं की सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले सगळ्याचाच प्रश्न येतो, आणि त्यात सगळ्यात जास्त चकरा पडतात त्या म्हाताऱ्या माणसांना आणि एकट्या राहणाऱ्या बायांना, हे ठराव करण्याआधी डोक्यात असू द्या.

तोपर्यंत पार्सलसाठी पिन कोडवर भरवसा ठेवा. पिन कोड निघालाच या घोळामुळं. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, पत्रं कुठच्या कुठं जायची, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांची ही पद्धत सुरू झाली, आणि ती बसवणारे आपले मराठी माणूस, श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृतचे पंडित. यवतमाळकडचे पिन ४४५ नं सुरू होतात. पण पहिल्या तीन आकड्यांनी फक्त भाग कळतो, तुमचं पोस्ट ऑफिस कळते ते शेवटच्या तीन आकड्यांनी, अन् घाईत लोक तिथंच चुकतात, म्हणून ऑर्डर देताना पूर्ण पिन, पोस्टाचं गाव आणि तालुका तिन्ही लिहा, नुसतं हिवरा, यवतमाळ लिहू नका.

आणि ठराव करायचाच झाला तर एका ग्रामसभेत हात वर करून उरकू नका. टी ऑर सी वाल्यांनी सतरा वर्षांत परत परत मत घेतलं, तुम्ही निदान घरोघरी जाऊन विचारा, पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना फोन करा, सासरी गेलेल्या लेकींनाही विचारा, त्यांचं माहेरचं नाव आहे ते. ठराव लिहिताना कारण स्पष्ट मांडा की एकाच नावामुळं टपाल आणि माल चुकतो, आणि पुरावा म्हणून चुकीच्या हिवऱ्याला जाऊन आलेली पाकिटं पोस्टाच्या शेऱ्यासकट जपून ठेवा, तुमच्या पंपाच्या पार्सलची पावती असेल तर तिची झेरॉक्सही सोबत लावा.